शंभरातले दोन तास

शाळेत त्यांना 'चित्रकलेच्या बाई' असं फक्त हजेरीपटावर म्हणत. पोरांनी ठेवलेलं नाव होतं 'खोडरबरबाई', आणि ते इतकं चपखल बसलं होतं की एकदा भर सभेत मुख्याध्यापकांच्या तोंडूनही निसटलं. बाईंनी राग मानला नाही. नाव काही खोटं नव्हतं. तेवीस वर्षं त्या वर्गात शिरल्या त्या मुठीत पांढरा खोडरबर घेऊनच. बाकांमधून फिरायच्या, एखाद्याच्या कागदापाशी थांबायच्या, "सरक जरा" म्हणून बाकाच्या कडेला टेकायच्या. दोन मिनिटांत त्या पोराचं झाड नाहीसं होऊन तिथं बाईंचं झाड उभं राहायचं. झाड देखणं असायचं, यात वाद नाही. बुंध्याला गोलाई, फांद्यांना डौल, सावली पडायला हवी तिथंच पडलेली. पोरगं खूश, आईबाप खूश, आणि बाई तर विचारूच नका.

आंतरशालेय स्पर्धेची ढाल या शाळेनं सलग अकरा वर्षं हातची जाऊ दिली नाही. एका वर्षी परीक्षकांनी चाळीस चित्रं नीट न्याहाळली आणि विचारलं, "बाई, ही सगळी एकाच मुलानं काढलीत का हो?" बाईंना ते कौतुक वाटलं. घरी येऊन त्यांनी ते कौतुक म्हणूनच सांगितलं. आता यावर कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं, पण दुसऱ्याचं सुधारून देण्याची हौस आपल्यापैकी कुणाला नाही? बाईंचा हात चांगला होता म्हणून त्यांची हौस भिंतीवर लागली, एवढंच.

अशा या बाईंनी एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा शिकायचं ठरवलं, आणि तेही सासूबाईंमुळे.

सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण म्हातारी बोलेना. चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून. भरवलं तर खायचं, नाहीतर तेही नाही. हिच्या बोलण्याला घर एके काळी विटलेलं होतं, तेच घर आता हिनं एखादी शिवी तरी द्यावी म्हणून आसुसलं. एका दुपारी बाई तिच्या पलंगाशेजारी बसून शाळेचे तक्ते रंगवत होत्या आणि रंगीत पेन्सिलींचा डबा पलंगावरच राहिला. म्हातारीनं कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चौकोन काढले आणि ते भरायला सुरुवात केली. बाईंचा तक्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, म्हणून त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही. हे नशीबच म्हणायचं. तिसऱ्या दिवशी पलंगावरून आवाज आला, "हा लाल नाही. हा गुलाबी आहे. लाल कुठं ठेवलास?"

चार महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं. सगळं घर रडलं. तेव्हापासून सासूबाईंची गाडी जी सुटली ती अजून कुठल्या स्टेशनावर थांबलेली नाही.

बाईंनी मग या गोष्टीचा पिच्छाच पुरवला. वाचलं, विचारलं, चार ठिकाणी फोन केले. रंग, माती, चित्र हाताशी देऊन आजारी माणसाला पुन्हा उभं करण्याचं एक शास्त्र आहे, त्याला कलोपचार म्हणतात, आणि विद्यापीठात त्याचा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, असं कळलं. जागा फक्त बारा. कलेची पदवी बाईंकडे होती. पण शाळा शिकायला रजा देणार ती नोकरीत एकदाच, आणि तीही पन्नाशीच्या आत असेल तर. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

अर्जाच्या अटी वाचून दुसरं कुणी असतं तर हात जोडले असते. मानसशास्त्राचे दोन पेपर हवेत. ते बाईंनी सुट्टीत बसून दिले आणि पासही झाल्या. स्वतःची पंधरा चित्रं हवीत. 'मी का शिकू इच्छिते' असा एक लेख हवा. आणि इस्पितळात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पुरे शंभर तास काम केलेलं हवं, प्रत्येक दिवसापुढे सही असलेलं.

इस्पितळाच्या तळमजल्यावर एक लांबलचक खोली होती. तिथं लोक पुन्हा चालायला, चमचा धरायला, बटण लावायला शिकत. भिंतीला शिड्या, मधोमध आधारासाठी दोन समांतर दांडे, कोपऱ्यात चित्रांचं गोल टेबल. विभागप्रमुख मॅडम वयानं बाईंच्या मुलीसारख्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "कागदावर हात फक्त त्यांचा. तुमचा नाही." बाईंनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

त्या दिवशी टेबलाशी ड्रायव्हरकाका होते. तीस वर्षं बस चालवलेला, आडव्या बांध्याचा माणूस. झटका आला आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. एकच शब्द मागे राहिला होता, "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. कित्येक आठवडे त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा डाव्या हातात पेन्सिल धरली आणि रस्ता काढला. कागदाच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत दोन रेघा, थरथरत्या, पण एकमेकींपासून सारख्याच अंतरावर. वर टोकाला एक बस. चाळीस मिनिटं लागली. कपाळावर घाम आला होता.

बाई बघत होत्या आणि त्यांचे हात शिवशिवत होते. लांब जाताना रस्ता निमुळता होतो, हे सातवीच्या पोराला कळतं! तेवीस वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या.

"छान आहे हं काका," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगू का?"

आणि सांगितलं नाहीच, करूनच दाखवलं. पर्समधून खोडरबर कधी निघाला हे त्यांनाही कळलं नाही. दोन्ही रेघा पुसल्या. दोन मिनिटांत दोन टेकड्यांच्या मधून जाणारा, पुढे पुढे बारीक होत एका ठिपक्यात विरणारा असा काही रस्ता काढला की बाजूच्या रुग्णांचे नातेवाईक गोळा झाले. "वा! काय हात आहे!" काकांनी चित्राकडे पाहिलं. पेन्सिल टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाले, आणि डाव्या हातानं आपली चाकाची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

मॅडम लांबून आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हजेरीची वही काढली आणि त्या दिवसाचा सहीचा रकाना रिकामा सोडला.

"आजचे दोन तास मी धरणार नाही."

"अहो, पण मी पूर्ण दोन तास इथंच होते!"

"होतात ना. पण ते दोन तास काकांचे होते, तुम्ही घेतलेत. माझ्याकडे नाहीत ते द्यायला."

बाई तणतणत घरी आल्या. तेवीस वर्षं, अकरा ढाली, आणि ही कालची पोर मला शिकवणार! यजमान कचेरीत हेडक्लार्क, भांडणात कुठल्याही बाजूची टिप्पणी न करण्याचा तीस वर्षांचा सराव. ते वर्तमानपत्रामागे गेले. सासूबाईंना असा सराव नव्हता.

"काय गं," त्या म्हणाल्या, "माझ्या चौकोनांना तू हात लावला होतास का?"

"नव्हता लावला, आई. मला वेळ कुठं होता?"

"लावला असतास तर मी अजून भिंतीकडं तोंड करून पडले असते. जा, तोंड धू."

बाई तोंड धुवायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर त्या इस्पितळात जात राहिल्या, बुधवार आणि शनिवार. खोडरबर घरी ठेवायच्या, तरी बोटं पर्समध्ये चाचपायची. कागद कापले, कुंचले धुतले, माती मळली. वहीत वीस तास झाले, चाळीस झाले. काका मात्र टेबलाशी येईनात. दहा आठवडे. बाईंचा राग केव्हाच ओसरला होता. आपण एका माणसाचा रस्ता बंद केला, हे त्यांना उठता-बसता टोचू लागलं.

एकदा काकू डबा घेऊन आल्या तेव्हा बाईंनी धीर करून त्यांची माफी मागितली. काकू म्हणजे काकांची बायको, बोलायला मोकळी.

"अहो बाई, चित्र झकास होतं तुमचं," त्या म्हणाल्या. "पण घरी गेल्यावर माझ्या मनात आलं, ह्यांची बस जायची कुठून? रस्ताच संपवलात की तुम्ही पुढं!"

"नाही हो, तो लांब जातोय म्हणून बारीक..."

"तो तुम्हाला बारीक दिसतो, कडेला उभं राहून. चालवणाऱ्याला ठाऊक असतं ना, तिथं पोचलं की तो तेवढाच रुंद असतो. नाहीतर पाय कसा ठेवायचा हो ॲक्सिलेटरवर?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. घरी जाताना त्या बसमध्ये अगदी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. जागा रिकाम्या होत्या, कंडक्टर दोनदा "बसा बाई" म्हणाला, पण त्या बसल्या नाहीत. समोर रस्ता बारीक होत होता. बस तिथं पोचत होती आणि रस्ता रुंदच निघत होता, दरवेळी. आपला थांबा गेला हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोन थांबे पुढे आल्या होत्या.

पुढच्या बुधवारी बाई काकांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसल्या, समोर नाही, बाजूला. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि पेन्सिल डाव्या हातात. उजवा हात त्यांनी पदराखाली दडवला. काढायला घेतला रस्ताच. अहो, काय ते हाल! रेघ निघाली की तिला ठेच लागायची. पहिलीतल्या पोरानं बरी काढली असती. काकांनी दोन दिवस नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांना राहवलं नाही. बाईंचा रस्ता सवयीनं पुन्हा निमुळता होत चालला होता. काकांनी हात लांब करून कागद ओढून घेतला, बाईंची पेन्सिल घेतली, आणि बाईंच्या रेघांच्या बाहेरून दोन नव्या रेघा मारल्या, खालपासून वरपर्यंत रुंदच रुंद. "बरं!" ते म्हणाले. आडव्या आलेल्या सायकलवाल्यावर ड्रायव्हर ओरडतो ना, अगदी तसं.

तेवीस वर्षांत बाईंच्या चित्राला कुणी हात लावला नव्हता. कसं वाटतं ते त्यांना कळलं. आणि तरीही त्यांना हसू येत होतं, कारण काकांनी पुन्हा पेन्सिल धरली होती.

त्यानंतर काका रोज रस्ते काढू लागले. चढाचे, वळणांचे, पुलावरचे. बाई शेजारी बसून आपले डावे रस्ते काढत. कागदावर हात ज्याचा त्याचा.

इकडे अर्जाची तारीख जवळ येत चालली. पंधरा चित्रं गोळा करायला बाईंनी कपाट उपसलं आणि त्यांच्या काय लक्षात आलं? कॉलेज सुटल्यापासून त्यांनी स्वतःचं असं चित्रच काढलेलं नव्हतं. जे काही होतं ते पोरांच्या कागदांवर, पोरांच्या नावानं. कॉलेजातली नऊ चित्रं सापडली, फळं आणि सुरया, सुबक. बाकी सहा? बाईंनी डाव्या हातानं काढलेले सहा रस्ते त्यात ठेवले.

"अगं, ही कसली?" यजमान घाबरले. "ही बघून तुला कोण घेईल? तू चांगली काढ ना सहा. एका रविवारचं काम तुझं."

"हीच ठेवायची आहेत."

लेखाचा मसुदा यजमानांनी आपण होऊन करून आणला होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास बालपणापासून रुग्णसेवेची नितांत आवड असून...'

"खोटं आहे," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "सुई बघितली तरी हिला भोवळ येते."

बाईंनी तो कागद बाजूला सारला आणि स्वतः लिहायला बसल्या. काकांचा रस्ता, खोडरबर, भिंतीकडे वळलेली खुर्ची, सगळं. यजमानांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अर्जात स्वतःची चूक कुणी लिहितं का गं? उभा जन्म अर्ज वाचण्यात गेला माझा!"

"मी लिहिते."

त्यांनी मग तो टाईप केला, एकही शब्द न बदलता. हेडक्लार्क माणसासाठी हे किती मोठं बलिदान होतं, ते हेडक्लार्कच्या बायकोलाच कळेल.

अर्ज सोमवारी द्यायचा होता. मधल्या काळात शाळेच्या परीक्षांनी बाईंचे तीन बुधवार खाल्ले. शनिवारी पाच वाजता, खोली बंद व्हायच्या वेळी, मॅडमनी वहीत बेरीज केली. अठ्ठ्याण्णव.

बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली. वहीत एक जागा अजून रिकामीच होती, पहिल्या दिवसाची. "मॅडम, ते दोन तास..."

"मी तेव्हाच सांगितलं होतं. ते माझ्याकडे नाहीत."

बाईंचे डोळे भरून आले. दोन तासांसाठी सगळं गेलं, आणि कुणाला बोल लावायलाही जागा नव्हती. पण मॅडम बोलून तिथंच थांबल्या नाहीत. त्यांनी वही उचलली, काकांच्या पुढ्यात ठेवली आणि त्या रिकाम्या रकान्यावर बोट टेकवलं.

"काका, पहिल्या दिवशी यांनी तुमचे दोन तास घेतले होते. आठवतं ना? आता यांना ते हवे आहेत. द्यायचे असतील तर इथं सही करा. नसतील द्यायचे तर नका देऊ. कुणी काही म्हणणार नाही."

काकांनी वहीकडे पाहिलं. मग बाईंकडे. काकू पुढे झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो मॅडम, पेन्शनच्या कागदावरसुद्धा ह्यांचा अंगठाच घेतलाय. सही कुठली आता?"

काकांनी पेन उचललं, डाव्या हातात. पहिलं अक्षर मुठीएवढं झालं. दुसरं रकान्याची भिंत ओलांडून शेजारच्या तारखेत गेलं. तिसरं खाली घसरलं. वरची आडवी रेघ मध्येच तुटली, पुन्हा सुरू झाली, भलतीकडेच गेली. बाईंची उजव्या हाताची बोटं आपोआप हलली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिल्या. अकरा मिनिटांनी काकांनी पेन खाली ठेवलं. पूर्ण नाव होतं.

काकू सरळ हमसून रडायला लागल्या. "बरं," काका म्हणाले आणि डबा कुठं आहे ते बघू लागले. बाईंना आयुष्यात स्वतःच्या एकाही चित्राचा एवढा अभिमान वाटला नव्हता, जेवढा त्या सहीचा वाटला. आणि ती काही त्यांनी काढलेली नव्हती.

मुलाखतीला बोलावणं आलं. बारा जागांसाठी साठजण, बहुतेक विशी-बाविशीतले. आत तिघं बसले होते. मधले प्राध्यापक चष्म्यावरून बघणारे. त्यांनी चित्रं चाळली.

"पहिली नऊ ठीक आहेत. ही शेवटची सहा फार कच्ची आहेत, बाई."

"हो सर. डाव्या हाताची आहेत."

"हं. आणि हे काय? शंभरातल्या दोन तासांवर विभागप्रमुखांची सहीच नाही. ही कुणाची? सही आहे का रेघोट्या? एवढं सुधारून आणता आलं नाही तुम्हाला?"

बाईंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. घरून पाठही करून आल्या होत्या. पण तोंडातून आलं ते एवढंच.

"सही त्यांची आहे, सर. मी हात नाही लावला."

प्राध्यापकांच्या शेजारच्या महिला परीक्षकांनी ते पान आपल्याकडे ओढलं. "लेखातले ड्रायव्हर ते हेच का? आजारानंतरची ही त्यांची कितवी सही?"

"पहिली."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते पान परत एकदा, जरा वेळ लावून, पाहिलं. "जा तुम्ही," ते म्हणाले. "नियम तपासावा लागेल. यादी पाचला लागेल." त्यांच्या चेहऱ्यावरून ताकास तूर लागत नव्हती.

बाई बाहेर बाकावर बसल्या. तीन तास बसल्या. पाचला शिपायानं फळ्यावर कागद लावला आणि पोरं धावली. बाई त्या गर्दीत शिरल्या, चष्मा विसरल्या म्हणून परत बाकाकडे आल्या, पुन्हा शिरल्या. बोट लावून वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या तर शेजारी एक गृहस्थ, लेकीला घेऊन आलेले, गर्दी ओसरायची वाट बघत होते.

"लागलं का नाव?" त्यांनी आपुलकीनं विचारलं.

"लागलं. सातवं."

"अरे वा, बारात सातवं! अभिनंदन. हुशार दिसते मुलगी तुमची. कुठं आहे ती?"

"मुलगी नाही हो," बाई म्हणाल्या. "मीच ती."

हे म्हणताना आवाज एवढा मोठा झाला की सगळ्या पोरांनी वळून पाहिलं. तेवीस वर्षं वर्ग शांत ठेवणाऱ्या बाई, त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. गृहस्थांना नीट ऐकू गेलं होतं, तरीही त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.